लखनौच्या बागा आणि बदलीचे बिऱ्हाड

चारबाग, आलमबाग, ऐशबाग, लालबाग, कैसरबाग, सिकंदरबाग, बादशाहबाग, बनारसीबाग. बदली होऊन लखनौला आलेल्या मराठी कुटुंबाला ही नावे पहिल्या काही आठवड्यांतच पाठ होतात. त्यांतली पुष्कळ ठिकाणे आता बागा राहिलेली नाहीत. चारबागेत रेल्वेचे स्थानक आहे, लालबागेत बाजार आहे, बादशाहबागेत विद्यापीठ आहे. तरी गावाने नावे सोडली नाहीत. ज्या शहरात वस्त्यासुद्धा बागांच्या नावाने ओळखल्या जातात, तेथे तीन-चार वर्षांच्या मुदतीवर राहणाऱ्या माणसाने अंगणात झाड लावावे की लावू नये, हा वाद आम्हां मंडळींत दर चैत्रात निघतो. त्याचे उत्तर या बागांच्याच इतिहासात सापडेल, असे आम्हांस वाटते.

उन्हाळ्याच्या तोंडावर, लू वाहू लागण्यापूर्वी, संध्याकाळी घराजवळच्याच एखाद्या बागेत जाऊन बसणे ही या गावची जुनी रीत. नबाब सआदत अली खान (१७९८–१८१४) यांनी बांधविलेली दिलकुशा कोठी शहरापासून फार दूर नव्हती. त्यांच्यामागून आलेल्या नबाबांनीही गोमतीच्या दोन्ही तीरांवर बागा उठविल्या. पुढे इंग्रजांच्या अमदानीत प्रांताचे सरकार उन्हाळ्यात नैनितालला जाई. गावात मागे राहिलेल्या सामान्य माणसाला मात्र पाण्याची शिंपड, झाडांची सावली आणि नदीवरून येणारा वारा एवढ्यावरच उन्हाळा काढावा लागे. सुटीत गावी जाणे न जमलेल्या आमच्या बिऱ्हाडांनाही अखेरीस तोच मार्ग उरतो. डब्यात दडपे पोहे आणि सुरईत कैरीचे पन्हे घेऊन निघालेले मराठी कुटुंब नकळत याच रीतीत सामील होते.

या बागांत सर्वांत बोलकी बाग सिकंदरबागेची. वाजिद अली शाह यांनी आपल्या सिकंदर महल बेगमेच्या नावाने ती सजविली. बेगमांच्या एकांतासाठी बागेला उंच, भक्कम तट घातलेला होता. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी त्याच तटाने तिचे भवितव्य ठरविले. रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांना सोडविण्यासाठी कॉलिन कॅम्पबेल फौजेनिशी आले, तेव्हा शिपायांनी या बागेत मोर्चा बांधला होता. तोफांनी भिंतीला खिंडार पडले आणि आत कोंडलेल्यांना बाहेर पडण्यास वाट उरली नाही. इंग्रजांच्या वृत्तांतांत मृतांचा आकडा २,००० च्या घरात जातो. पिंपळाच्या झाडावरून शत्रूवर गोळ्या झाडणाऱ्या आणि तेथेच पडलेल्या ऊदा देवींची हकीकत लोकांनी जपली आहे. त्यांचा पुतळा आज तेथे उभा आहे. बागेच्या उद्ध्वस्त वास्तूपुढे विखुरलेल्या हाडांचे फेलिचे बेआटो यांनी १८५८ मध्ये घेतलेले छायाचित्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना तेथील हिरवळीवर मुले धावताना पाहून क्षणभर थबकल्यावाचून राहवणार नाही.

तरीही मुलांनी तेथे धावावे हेच योग्य. स्वातंत्र्यानंतर त्या भूमीचे पुन्हा बागेत रूपांतर झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ कैलासनाथ कौल यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने येथे राष्ट्रीय वनस्पती उद्यान उभारले. १९५३ मध्ये ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले, आणि १९७८ पासून राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था या नावाने ते ओळखले जाते. बोगनवेलीच्या नव्या जाती निर्माण करण्याचे मोठे काम या संस्थेने केले. त्यांतल्या एका जातीला ‘बेगम सिकंदर’ आणि दुसरीला ‘वाजिद अली शाह’ असे नाव दिलेले आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वेल ऐन उन्हात फुलते. ज्यांचे राज्य गेले, त्यांची नावे अशी कुंपणावर फुलत राहिली आहेत.

वाजिद अली शाह यांच्या वाट्याला मात्र आपल्या बागांची सावली फार काळ आली नाही. १८४८ ते १८५० च्या दरम्यान त्यांनी कैसरबाग उभारली, आणि फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनी सरकारने त्यांचे राज्य खालसा केले. कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे त्यांनी पुन्हा वाडे उठविले, पशुपक्षी पाळले, आणि १८८७ मध्ये तेथेच देह ठेवला. इकडे लखनौत, बनारसहून आणलेल्या आंब्यांमुळे जिचे नाव पडले असे सांगतात त्या बनारसीबागेत, १९२१ मध्ये प्राणिसंग्रहालय निघाले. ते आरंभी प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाचे होते. २०१५ मध्ये त्याला वाजिद अली शाह यांचे नाव मिळाले. आमची मुले तेथे जिराफ पाहावयास जातात, तेव्हा पशुपक्ष्यांच्या त्या शौकीन राजाचे नाव फाटकावर वाचूनच आत शिरतात.

कैसरबागेत तर आपल्या मराठी मुलखातील एका पाहुण्याने झाड लावले आहे, असेच आम्ही म्हणू. वकिली सोडून संगीताच्या शास्त्राला वाहून घेतलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये येथे मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू करविले. थोड्याच काळात मुंबईचेच श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे प्राचार्य झाले आणि दीर्घ काळ त्यांनी ते सांभाळले. भातखंडे १९३६ मध्ये निवर्तले; लखनौ हे काही त्यांचे घर नव्हते. पण वाजिद अली शाह यांच्या परीखान्यात, जेथे एके काळी राजाच्या आश्रयाने नृत्यगायनाची तालीम चाले, तेथेच आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ नांदत आहे.

आता आपल्या अंगणाकडे वळू. गोमतीकाठची गाळाची माती आपल्या काळ्या रानासारखी भेगाळत नाही आणि कोकणच्या जांभ्यासारखी कोरडी नाही. मोगरा, ज्याला येथे बेला म्हणतात, तो थंडी सरता सरता छाटला की एप्रिलपासून फुलू लागतो आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरचा गजरा मिळतो. आंब्याच्या डाळीला लागणारी कैरी ‘अमिया’ या नावाने बाजारात येते. कढीलिंबाला येथे मीठा नीम म्हणतात. त्याचे एक रोप रुजले की शेजारची तीन मराठी घरे फोडणीची चिंता विसरतात. मे महिन्यात कोवळ्या रोपांवर गवताचा आडोसा करावा, बुंध्याशी पालापाचोळा पसरावा, आणि पाणी ऊन उतरल्यावर द्यावे. आंब्याचे कलम मात्र पावसापर्यंत थांबवावे.

वादाचा खरा मुद्दा हे कलमच आहे. त्याला चांगली फळे धरावयास चार-पाच वर्षे लागतात, आणि तोवर आमचे सामान बहुधा दुसऱ्या गावी पोहोचलेले असते. ज्यांना हा हिशेब तोट्याचा वाटतो, त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी काकोरीजवळच्या दशहरी गावी जाऊन यावे. तेथील जुनाट आम्रवृक्ष दशहरी आंब्याचे मूळ झाड मानला जातो. ते कोयीपासून आपोआप उगवलेले. मुद्दाम लावलेलेही नसावे. मलिहाबादच्या बागांत जूनमध्ये उतरणाऱ्या दशहरीचा वंश मात्र तेथपर्यंत जाऊन पोहोचतो.

नबाब गेले, इंग्रज गेले, भातखंडेही गेले. बागा या हातातून त्या हातात जात राहिल्या. सरकारी बंगल्यातल्या ज्या आंब्याखाली आम्ही पापड वाळत घालतो, तोही आमच्याआधीच्या कोणा भाडेकऱ्याने लावलेला असतो. म्हणून कलम लावावे, अशी आमची शिफारस आहे. आणि बदलीचा हुकूम आल्यावर घराच्या किल्ल्या सोपविताना, कोणत्या झाडाला किती पाणी लागते याची एक चिठ्ठी नव्या बिऱ्हाडासाठी हिंदीत लिहून ठेवावी.