लहान मोटारींच्या नियंत्रणक्षमतेचा विकास : ब्रिटिश 'मिनी'चे ऐतिहासिक योगदान

१९५६ च्या सुएझ संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले. या पार्श्वभूमीवर ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने काटकसरीच्या लहान मोटारीची रचना ॲलेक इसिगोनिस यांच्याकडे सोपविली. १९५९ साली बाजारात आलेल्या 'मिनी'ची लांबी अवघी १० फूट होती. त्यात चार प्रवासी सामावण्यासाठी इंजिन आडवे बसवून त्याची शक्ती पुढील चाकांना देण्यात आली. चाके १० इंचांची ठेवण्यात आली व पोलादी स्प्रिंगऐवजी ॲलेक्स मोल्टन यांनी विकसित केलेले रबरी शंकू वापरण्यात आले.

हे सर्व उपाय जागा वाचविण्यासाठी होते. तथापि चार कोपऱ्यांतील चाके, ताठर सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग यांमुळे मोटार वळणावर कमी कलत असे व चालकाच्या हाताला तत्काळ प्रतिसाद देत असे. १९६४, १९६५ व १९६७ च्या माँटे कार्लो रॅलींतील विजयांनी हा गुण सिद्ध केला. त्याची किंमत मात्र खडबडीत रस्त्यावरील धक्क्यांच्या रूपाने प्रवाशांना मोजावी लागली.

'मिनी'ला मागे उघडणारे दार नव्हते. परंतु आडवे इंजिन व पुढील चाकांना शक्ती ही मांडणी १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फसारख्या हॅचबॅक मोटारींतही आढळते. सारांश, लहान मोटारीच्या नियंत्रणक्षमतेचा हा टप्पा वेगाच्या आकांक्षेपेक्षा इंधन व जागेच्या टंचाईतून साकारला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.