नित्यनेम आणि राज्यकारभार

बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत निंबोला हे गाव लागते. शापग्रस्त अश्वत्थामा असीरगडावरील शिवालयात अजूनही रोज पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहतो, अशी आख्यायिका या भागात प्रसिद्ध आहे. तिचे खरेखोटे करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. पण चिरंजीवाच्या हाती अनंत काळ असतो. त्याचा नेम चालला तर नवल ते कोणते? ज्यांच्यामागे संसार, कचेरी आणि धंदा लागलेला आहे, त्यांनी ध्यानोपासनेचा नेम कसा राखावा, हा आपल्यापुढील प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर याच निमाडच्या इतिहासात सापडते.

१८१९ साली इंग्रजांनी असीरगडास वेढा घातला, तेव्हा सर जॉन माल्कम त्या मोहिमेत होता. पुढे १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानाविषयीच्या ग्रंथात त्याने महेश्वरच्या अहिल्याबाई होळकरांची दिनचर्या नमूद केली. बाईंना जाऊन तेव्हा पाव शतकच लोटले होते, आणि त्यांना पाहिलेली माणसे हयात होती.

बाई सूर्योदयापूर्वी सुमारे तासभर उठत. पूजाअर्चा, ग्रंथश्रवण, दानधर्म आणि ब्राह्मणभोजन झाल्यावर स्वतः जेवीत. पुन्हा प्रार्थना आणि अल्प विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबारात येत, त्या सायंकाळपर्यंत तेथे बसत. नंतर दोनतीन तास उपासना व थोडा आहार. आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा राज्याचे काम. सण, व्रते आणि राज्यावरील संकटे एवढ्यांपुरताच या क्रमात फरक पडे.

पूजेत आवाहनाच्याही आधी ध्यान येते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून बाईंच्या नेमास आम्ही ध्यानाचाच नेम समजतो. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, कामातून उरलेली वेळ त्यांनी देवास दिली नाही. दिवसाचे सांधे आधी देवासाठी राखले आणि कारभार त्यांच्यामध्ये बसविला. तरीही कारभारास बाध आला नाही. उलट, सत्तेच्या प्रत्येक वापराचा जाब आपल्याला ईश्वरापुढे द्यावयाचा आहे, ही जाणीव घेऊनच त्या दरबारात बसत.

हा नेम सुखवस्तू जीवाचा विरंगुळा होता, असे कोणी म्हणू नये. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव. अखेर १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले, आणि आईने परोपरीने विनवूनही कन्या मुक्ताबाई सती गेली. त्यानंतर तीन दिवस बाईंनी अन्न घेतले नाही, शब्दही उच्चारला नाही, असे माल्कम सांगतो. मग त्या उठल्या, मुलीजावयाच्या स्मारकाचे काम हाती घेतले, आणि १७९५ साली देह ठेवीपर्यंत राज्य सांभाळले.

ते तीन दिवस आम्हांस फार मोलाचे वाटतात. नेम करणाराही माणूसच असतो. आघाताने तो थांबतो. आपल्यापैकी पुष्कळांचा नेम मात्र खंड पडल्यामुळे मोडत नाही, तर खंडानंतर आसनावर परत बसण्याची लाज वाटते म्हणून मोडतो. आज चुकले, म्हणून उद्याही नको, असे मन सांगू लागते.

आपल्या देवळात भक्तांची दाटी असो वा गाभाऱ्यासमोर कोणीही नसो, सकाळचा अभिषेक, मध्यान्हीची पूजा आणि सांजेची आरती वेळेवर होतेच. आपणही दिवसातील एखादा सांधा, घटकाभराचा का होईना, असाच राखून ठेवावा. आणि चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी निमूटपणे त्याच वेळी, त्याच आसनावर जाऊन बसावे.