नवं घर झालं, म्हणजे खर्च संपला का? चंद्रपूर-गडचिरोलीत घर सांभाळायला वर्षभर काय लागतं?

वास्तुपूजन झालं, पाहुणे गेले, मंडपवाल्याचे पैसे चुकते झाले. आता मोठा खर्च संपला, असं घर बांधणाऱ्या बहुतेक कुटुंबांना वाटतं. खरं तर इथून घराचा दुसरा हिशेब सुरू होतो. बांधकामाचा खर्च एकदाच होतो, देखभालीचा दरवर्षी.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा हिशेब जरा वेगळा आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, जुलै-ऑगस्टमध्ये नद्या गावात शिरतात, कुठे पायाखाली काळी माती आहे, तर कुठे अंगणाला लागून जंगल. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटसाठी दिलेले सल्ले इथे अर्धेच उपयोगी पडतात.

पहिल्यांदाच पक्क्या घरात राहायला आलेली अनेक कुटुंबं घरकुल योजनेची लाभार्थी आहेत. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये केंद्राच्या निकषानुसार सपाट भागात १ लाख २० हजार, तर डोंगराळ, दुर्गम आणि गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये मिळतात. हे पैसे बांधकामासाठी असतात. पाच वर्षांनी स्लॅब गळायला लागला, तर तो खर्च घरमालकाचाच.

दर महिन्याला किती पैसे बाजूला ठेवायचे?

सर्वसाधारण अंदाज असा की, घराच्या बांधकामाला जितका खर्च आला, त्याच्या १ टक्का रक्कम दरवर्षी देखभालीसाठी धरावी. म्हणजे १५ लाखांच्या घराला वर्षाला १५ हजार, महिन्याला साधारण १,२५० रुपये. पहिली एक-दोन वर्षं यातले फारसे पैसे लागणार नाहीत. पण रंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पाण्याची मोटर हे खर्च एकदम अंगावर येतात, तेव्हा हीच रक्कम कामी येते.

घरकुलासाठी मात्र हा हिशेब पुरत नाही. दीड लाखाच्या घराचा १ टक्का म्हणजे फक्त १,५०० रुपये. घर लहान असलं तरी सिमेंट आणि मजुरी स्वस्त मिळत नाही. अशा घरासाठी महिन्याला ३०० रुपये ठेवले, तर वर्षाला ३,६०० आणि पाच वर्षांत १८ हजार जमतात.

या भागात अनेकांचा पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. धान विकल्यावर किंवा तेंदूपत्त्याची मजुरी हातात आल्यावर त्यातूनच घराचा वर्षाचा वाटा वेगळा काढणं सोपं जातं. तो बचत गटात किंवा पोस्टाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा. घरखर्चाच्या खात्यात राहिला, की तो संपतोच.

कागदपत्रांची कामं कोणती राहून जातात?

तयार घर विकत घेतलं असेल, तर रजिस्ट्री झाली म्हणजे सगळं झालं असं नाही. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर फेरफार होऊन तुमचं नाव लागलं का, हे पाहा. गावठाणातलं घर असेल, तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद करून घ्या. शहरात नगर परिषद किंवा महापालिकेच्या कर विभागात नाव बदलावं लागतं.

आधीच्या मालकाची घरपट्टी आणि पाणीपट्टी थकलेली नाही ना, हेही तपासा. थकबाकी त्या मिळकतीवर राहते आणि वसुली नव्या मालकाच्या दारात येते. वीजबिल जुन्याच नावाने येत असेल, तर महावितरणकडे नाव बदलाचा अर्ज करा. पुढे सोलरसाठी अर्ज करतानाही बिलावरचं नाव बघितलं जातं.

भिंतीला तडा गेला, तर घाबरायचं का?

वर्धा नदीच्या बाजूचे वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना हे तालुके काळ्या कपाशीच्या मातीचे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जमीन अशी दरवर्षी हलते, म्हणून भिंतींना तडे जातात.

प्लास्टरवर केसासारखी बारीक रेष असेल, तर ती बहुधा वरवरची असते. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला तडा मात्र लक्ष ठेवण्यासारखा. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, शेजारी तारीख लिहा आणि मोबाईलवर फोटो काढा. उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू जाऊ द्या. तडा वाढत असेल किंवा ५ मिलिमीटरपेक्षा रुंद झाला असेल, तर लांबी भरून रंग मारण्याआधी इंजिनिअरला दाखवा. आधी बुजवला, तर तो वाढतोय की थांबलाय हेच कळणार नाही.

प्रतिबंध यापेक्षा स्वस्त पडतो. घराभोवती दोन-तीन फुटांचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा पट्टा करा. गच्चीचं पाणी पाइपने पायापासून लांब सोडा. वड, पिंपळासारखी मोठी झाडं भिंतीजवळ लावू नका.

कोळसा पट्ट्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीत गडप झालं आणि आजूबाजूच्या कुटुंबांना दुसरीकडे हलवावं लागलं. जुन्या भूमिगत खाणीच्या वर ही वस्ती होती. अशा भागात फरशी एका बाजूला खचणं, दारं अचानक अडकायला लागणं, अंगणात खड्डा पडणं ही लक्षणं दिसली, तर तहसील कार्यालय आणि वेकोलिला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. खुल्या खाणीजवळ राहत असाल, तर घर नवं असतानाच प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढून ठेवा. स्फोटामुळे तडा गेल्याची तक्रार करताना आधीची स्थिती दाखवणारा तोच पुरावा असतो.

उन्हाळ्याचा खर्च कमी कसा करायचा?

स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. मार्चमध्ये गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, तर खोली काही अंशांनी थंड राहते. चुना पावसात धुपतो, त्यामुळे हे काम दरवर्षी करावं लागतं. उष्णता परावर्तित करणारा रंग महाग असतो, पण काही वर्षं टिकतो. पश्चिमेच्या भिंतीवर वेल किंवा बाहेरून ताटी असेल, तर दुपारची झळ कमी होते.

कूलर साधारण २०० वॉटचा असतो. रोज १२ तास चालला, तर महिन्याला ७० युनिटच्या आसपास वीज लागते. दीड टनाचा एसी रोज आठ तास चालवला, तर तो आकडा २४० ते ३०० युनिटपर्यंत जाऊ शकतो. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग असतं. म्हणून उन्हाळ्यात वापर दुप्पट झाला, की बिल दुपटीपेक्षा जास्त येतं.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव जातात. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी फक्त बटण बंद करू नका, पिन काढा. घराला नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. गळती वीज लागताच ती क्षणात पुरवठा तोडते. नव्या घरात हा खर्च सगळ्यात आधी करावा. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून मोठं व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

सोलरचा विचार करत असाल, तर पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. १ किलोवॉटमधून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट मिळतात. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस भागात पॅनलवर कोळशाची धूळ आणि राख बसते. ती वरचेवर धुतली नाही, तर वीज कमी मिळते.

पावसाळ्याआधी काय तपासायचं?

गच्चीचे पाइप मेअखेर साफ करा. सगळे पाइप बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी २४ तास साचवा आणि खालून ओल येते का बघा. गळती असेल, तर दुरुस्ती उन्हाळ्यातच होते, कारण ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग धरत नाही. घर कवेलूचं असेल, तर फेरणीचं काम रोहिणी नक्षत्राच्या आत उरका. माकडं असलेल्या गावात शे-पन्नास कवेलू जास्तीचे आणून ठेवा. टिनाच्या पत्र्यांचे हुक आणि वॉशर वादळाआधी घट्ट करा.

पुराचा धोकाही समजून घ्या. गोसीखुर्दमधून मोठा विसर्ग झाला, की वैनगंगेकाठच्या ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली भागाला फटका बसतो. चंद्रपूर शहरात इरईकाठच्या वस्त्यांत पाणी शिरतं, भामरागडला पर्लकोटा वेढा घालते. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. तुमचं घर या रेषांच्या आत येत असेल, तर विजेचे बोर्ड वर घ्या आणि कागदपत्रं उंच जागी ठेवा.

वाळवी, साप आणि जंगल

सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण त्याच चौकटीतल्या पांढऱ्या लाकडाला लागते. वर्षातून दोनदा चौकटींचे कोपरे आणि कपाटामागची भिंत बघा. मातीची बारीक नळी दिसली, की वाळवी आत पोहोचली असं समजा. नळी नुसती झाडून टाकल्याने ती जात नाही, औषध मारावं लागतं. आडोशासाठी बांबू वापरणार असाल, तर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवलेला घ्या. कच्च्या बांबूला पहिल्याच वर्षी भुंगा लागतो.

सरपणाचा ढीग घराच्या भिंतीला लावू नका. तिथे वाळवी, विंचू आणि मण्यार सगळेच येतात. गडचिरोलीत मलेरियाचा प्रादुर्भाव मोठा आहे. त्यामुळे खिडक्यांना जाळी आणि झोपताना मच्छरदाणी हवीच. मण्यार रात्री घरात शिरते, तिच्यापासूनही मच्छरदाणी वाचवते.

२०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत रानटी हत्ती आले. धान आणि मोहाच्या वासाने हत्ती घराची भिंत पाडतात. हत्तींचा वावर असलेल्या भागात झोपायच्या खोलीत मोहफूल साठवू नका. वाघ-बिबट्याचा वावर असेल, तर अंगणात दिवा ठेवा आणि शौचालयाच्या वाटेवरची झुडपं काढा. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे का?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल, तर १.५ पर्यंत चालतं. नवं बोअर मारल्यावर पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. आरओने ते कमी होतं, पण त्याचे फिल्टर बदलण्याचा खर्चही वर्षाच्या हिशेबात धरा.

नुकसान झालंच, तर किती मदत मिळते?

नैसर्गिक आपत्तीत घर पूर्ण पडलं, तर आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषानुसार सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. पण पक्क्या घराची अंशतः पडझड झाली, तर मदत फक्त ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,०००. तीही किमान १५ टक्के नुकसान झालं असेल तरच. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा लागतो. तो होईपर्यंत पडलेली भिंत उचलू नका. उचलावीच लागली, तर आधी फोटो काढा.

राहिलेली तूट विम्याने भरून निघू शकते. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, जमीन खचणं हे सगळं तिच्यात येतं. नव्या घराचे बसण्याचे नेहमीचे तडे आणि सदोष बांधकाम यांना मात्र भरपाई नाही. कर्ज काढताना बँकेने पॉलिसी दिली असेल, तर ती घराची आहे की कर्जदाराच्या आयुष्याची, हे वाचून घ्या. अनेकांकडे फक्त दुसरी असते.

वर्षाचं वेळापत्रक

मार्च: गच्चीला चुना, कूलरची वायर आणि अर्थिंग तपासणी.
एप्रिल-मे: गच्चीची पाणी-चाचणी, गळतीची दुरुस्ती, कवेलू फेरणी, पत्र्यांचे हुक.
जून: पाइप आणि नाल्या, वाळवीची पहिली पाहणी, घराचे फोटो.
ऑक्टोबर: तड्यांच्या खुणा, ओल, वाळवीची दुसरी पाहणी.
डिसेंबर-जानेवारी: रंगकाम, पाण्याची तपासणी, विम्याची मुदत.
मार्चअखेर: घरपट्टी आणि पाणीपट्टी भरून पावती फाइलला लावणं.

यातली निम्मी कामं घरच्या घरी होतात आणि त्यांना पैसा लागत नाही, फक्त ती वेळेवर करावी लागतात. यंदा कोणत्या कामाला किती पैसे लागले, हे एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचा अंदाज त्याच वहीतून निघेल.