संपेल हे नक्की, पण कधी?

मागच्या व्याख्यानात आपण हिल्बर्ट यांच्या निर्णयप्रश्नाचा इतिहास पाहिला. एखादं विधान तर्काने सिद्ध होतं की नाही, हे ठरवून देणारी यांत्रिक रीत आहे का, असा तो प्रश्न. १९२८ साली हिल्बर्ट आणि विल्हेल्म आकरमान यांच्या पुस्तकात तो ठळकपणे मांडला गेला आणि १९३६ मध्ये चर्च व ट्युरिंग यांनी अशी सर्वसाधारण रीत नाही, हे दाखवलं. आज आपण उलट बाजू पाहू. समजा, रीत आहे. ती कधीतरी थांबतेच, याची सिद्धताही आहे. मग प्रश्न सुटला असं म्हणायचं का?

आजच्या इतिहासात आकरमान आपल्याला तीनदा भेटतात. हिल्बर्ट यांचे हे शिष्य. पण आयुष्याचा मोठा काळ त्यांनी जर्मनीत शाळामास्तर म्हणून काढला. पहिली भेट त्या पुस्तकात झालीच. दुसरी भेट त्याच १९२८ सालातली. मिळवणी पुन्हापुन्हा केली की गुणाकार होतो, गुणाकार पुन्हापुन्हा केला की घात, आणि घात पुन्हापुन्हा घेतले की घातांचे मनोरे. या शिडीवर चढत जाणारं एक फलन त्यांनी मांडलं. रोझा पेटर यांनी पुढे त्याला सोपं रूप दिलं. त्या रूपात ३ आणि ३ घातले तर उत्तर येतं ६१. आणि ४ आणि २ घातले तर? उत्तर १९,७२९ आकडी! आवर्तनं किती होणार हे आधीच ठरवून केलेली जी गणितं असतात, त्यांना प्रिमिटिव्ह रिकर्सिव्ह म्हणतात. त्या सगळ्यांना हे फलन मागे टाकतं.

तिसरी भेट १९५६ सालची. नेहमीच्या तर्कशास्त्रात 'उंदीर मांजराला खात असेल, तर दोन नि दोन चार' हे विधान खरं धरलं जातं, कारण उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्धाचा त्याच्याशी काही संबंध असावा लागत नाही. आकरमान यांनी एका लेखात अधिक कडक 'जर–तर' मांडलं. त्यातून, आणि चर्च यांच्या १९५१च्या कामातून, अँडरसन आणि बेलनॅप या अमेरिकी तत्त्वज्ञांनी रेलेव्हन्स लॉजिक उभं केलं. आपण त्याला सुसंबद्धतेचं तर्कशास्त्र म्हणू. त्याचा ढोबळ नियम असा: घेतलेलं प्रत्येक गृहीत सिद्धतेत कामी आलंच पाहिजे, मात्र एकच गृहीत कितीही वेळा वापरायला मुभा आहे.

घोटाळा या मुभेत आहे. सिद्धता शोधताना आपण निष्कर्षापासून मागे मागे जातो. गृहीत दोनदा वापरलं असेल का, तीनदा, की शंभरदा? हा शोध थांबेलच कशावरून?

१९५९ साली सॉल क्रिपके यांनी, वयाची विशीही पुरी झाली नव्हती तेव्हा, एक छोटंसं टिपण प्रसिद्ध केलं. निव्वळ 'जर–तर'पुरता हा शोध नेहमी थांबतो, असा त्यातला दावा. त्याच्या मुळाशी असलेली कल्पना आपण एका खेळातून समजून घेऊ.

कोठारात ज्वारीची आणि तांदळाची पोती आहेत. रोज एक नोंद करायची: ज्वारी इतकी, तांदूळ इतका. अट एकच. नवी नोंद आधीच्या कुठल्याही नोंदीच्या तुलनेत दोन्ही धान्यांत बरोबरीची किंवा जास्त असता कामा नये. सुरुवात (२, ३) ने केली. मग (१, १००) चालेल, कारण ज्वारी कमी झाली. मग (१, ९९), (१, ९८) असं (१, ०) पर्यंत उतरता येईल. मग (०, १,००,०००) घ्या आणि पुन्हा उतरा. कितीही हुशारी केली तरी हा खेळ संपतोच, धान्यं दोन असोत की दोनशे. हे डिक्सन यांचं उपप्रमेय. १९१३ साली विषम परिपूर्ण संख्यांचा अभ्यास करताना त्यांनी ते वापरलं. ज्या क्रमात असा खेळ नेहमी संपतो, त्याला वेल-क्वासी-ऑर्डरिंग म्हणतात. हिगमन यांनी १९५२ मध्ये हीच गोष्ट शब्दांसाठी दाखवली आणि क्रुस्कल यांनी १९६० मध्ये वृक्षाकृतींसाठी. ही कल्पना गणितात इतक्यांदा नव्याने सापडली आहे की क्रुस्कल यांनी १९७२च्या लेखाच्या शीर्षकातच तसं म्हटलं. क्रिपके यांचा युक्तिवादही याच जातीचा आहे, हे पुढे रॉबर्ट मेयर यांच्या ध्यानात आलं. पोत्यांच्या जागी गृहीतांच्या प्रती मोजा, की झालं.

आता पाहा, खेळ संपतो हे कळलं. पण किती दिवसांत? (२, ३) नंतर आम्ही १०० घेतले, तुम्ही एक कोटी घ्याल. म्हणजे आधी सांगता येईल अशी मर्यादाच नाही. मर्यादा हवी असेल तर आकडे एका दिवसात किती उडी मारू शकतात, यावर बंधन घालावं लागतं. सिद्धताशोधात ते आपोआप असतं. मग हिशेब असा निघतो: धान्यांची संख्या ठरलेली असेल, तर मर्यादा प्रिमिटिव्ह रिकर्सिव्ह असते. पण धान्यं वाढत गेली, की ती आकरमान फलनाच्या गतीने वाढते. आणि तर्कशास्त्रात धान्यं वाढतातच, कारण तपासायचं सूत्र जितकं लांब, तितके त्याचे घटक जास्त.

इथे कोणी म्हणेल, हा सिद्धतेचा दोष असेल. जरा हुशार रीत शोधा. शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर यायला चाळीस वर्षं लागली. १९९९ साली टोरांटोचे अॅलास्डेर अर्कहार्ट यांनी दाखवलं, की 'जर–तर'ला 'आणि' जोडलं तर आकरमानची मर्यादा पुरते, आणि त्याहून खाली येताही येत नाही. कोणतीही प्रिमिटिव्ह रिकर्सिव्ह रीत तिथे चालणारच नाही. आकरमान यांच्या लेखाने ज्या तर्कशास्त्राला वाट करून दिली, त्याची किंमत त्यांच्याच तरुणपणीच्या फलनाने मोजावी लागली!

पण निव्वळ 'जर–तर'चं काय? तिथे शंका खरी ठरली. २०१६ मध्ये सिल्व्हें श्मित्झ यांनी दाखवलं की तो प्रश्न दुहेरी घातांकी आहे, म्हणजे दोनाचा घात दोनाच्या घाताइतका. हेही लहान नाही. आत ५ घातले तर ४२९ कोटींच्या वर जातं. पण आकरमानपुढे ते काहीच नाही. आणि 'किंवा'सुद्धा त्याच्या नेहमीच्या वितरणाच्या नियमासह घेतलं, तर निर्णयाची रीतच उरत नाही, हे अर्कहार्ट यांनीच १९८४ साली सिद्ध केलं होतं.

म्हणजे 'संपेल' हे एकच उत्तर दोन ठिकाणी मिळालं होतं. एके ठिकाणी अवाढव्यपणा सिद्धतेचा होता, दुसऱ्या ठिकाणी प्रश्नाचाच. 'कधी?' असं विचारेपर्यंत हा फरक दिसायला मार्ग नव्हता. आम्ही तत्त्वज्ञानवाले 'तत्त्वतः शक्य' हे शब्द फार सहज वापरतो. ते शब्द खोटे नाहीत, पण तिथे चौकशी संपत नाही. कोणी 'तत्त्वतः निर्णय होतो' म्हटलं, की पुढचा प्रश्न विचारायची सवय आपण लावून घ्यावी: किती वेळात, आणि त्याहून कमी वेळात का नाही?

पुढच्या वेळी क्रुस्कल यांच्या वृक्षांकडे वळू. तिथल्या मर्यादांपुढे आकरमान फलनही ठेंगणं वाटतं. आज इथे थांबू या.