गलक्यातून ऐकण्याची शाळा

वर्गात एखादा सोपा प्रश्न विचारावा आणि चाळीस मुलांनी एकदम "बाई, मी सांगू?" असा गलका करावा, हा आपणा सर्वांचा रोजचा अनुभव. अशा वेळी आपण काय करतो? त्या गलक्यातून अर्धामुर्धा ऐकू आलेला एक आवाज पकडतो, "खिडकीजवळून कोण बोललं?" असे विचारतो. मग बाकीची गप्प होतात आणि एकेकाला बोलायला मिळते. हौशी रेडिओ प्रसारकांच्या, म्हणजे 'हॅम' मंडळींच्या, मोर्स स्पर्धेत नेमके हेच घडते. फरक इतकाच की तेथे गलका करणारे जगभर विखुरलेले असतात आणि तो करतात टिंब-रेघांच्या भाषेत. या गलक्याचा घरबसल्या सराव देणाऱ्या काही आज्ञावल्या १९८० नंतर तयार झाल्या. जुने हॅम आजही त्यांची आठवण मायेने काढतात. या मायेत शिक्षकांनी दखल घ्यावी असे काही आहे, असे आम्हाला वाटते.

आधी थोडे मोर्सविषयी. सॅम्युएल मोर्स यांनी २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला आपली प्रसिद्ध तार पाठवली. मोर्सच्या लिपीत इंग्रजीत वारंवार येणाऱ्या अक्षरांना छोट्या खुणा आहेत. 'ई' म्हणजे एक टिंब आणि 'टी' म्हणजे एक रेघ. रेघ तीन टिंबांइतकी लांब असते. वेग मोजण्यासाठी 'पॅरिस' हा शब्द प्रमाण मानतात. पुढच्या मोकळ्या जागेसह तो बरोबर ५० टिंबांइतका वेळ घेतो. मिनिटाला २० शब्दांचा वेग असेल, तर मिनिटात १००० टिंबांचा वेळ मावतो, म्हणजे एक टिंब ६० मिलिसेकंदांचे होते. ३० शब्दांच्या वेगाला ते ४० मिलिसेकंदांवर येते. इतक्या वेगात टिंबे मोजणे कोणालाच शक्य नसते. कानाला प्रत्येक अक्षराची चालच ओळखावी लागते. म्हणून तक्ता पाठ करून मोर्स येत नाही, ते ऐकूनच येते.

आता स्पर्धेकडे वळू. 'सीक्यू वर्ल्ड वाइड' ही मोर्स स्पर्धा नोव्हेंबरच्या अखेरीस सलग ४८ तास चालते. जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधायचा आणि प्रत्येकाशी दोनच गोष्टींची देवाणघेवाण करायची: संदेश कसा ऐकू येतो याचा आकडा आणि आपल्या विभागाचा क्रमांक. भारत २२व्या विभागात येतो. एखाद्या दुर्मिळ ठिकाणाहून हाक आली की डझनावारी केंद्रे एकदम उत्तर देतात. या झुंबडीला हॅम 'पाइल-अप' म्हणतात.

मोर्स शिकवणाऱ्या ध्वनिफितींवर अक्षरे स्वच्छ आणि एकामागून एक येत. झुंबडीची तयारी त्यांतून कशी व्हावी? ही अडचण ओळखून १९८०च्या दशकाच्या मध्यास एका अमेरिकी कंपनीने 'डॉक्टर डीएक्स' हे कार्ट्रिज काढले. ते कमोडोर ६४ या १९८२ साली आलेल्या घरगुती संगणकात बसवायचे. त्या संगणकाची स्मृती अवघी ६४ किलोबाइट होती. तरीही त्यात लघुलहरींचे एक लहानसे जग मावले होते. देशोदेशीची खोटी केंद्रे मोर्समध्ये बोलत, हाकेला उत्तर देत. कोणता देश केव्हा ऐकू यावा हे दिवसाच्या वेळेनुसार बदले. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होतात आणि आयनांबराची स्थिती सूर्यावर अवलंबून असते. १९८६च्या सुमारास सौरडागांचे चक्र तळाला होते आणि लघुलहरींचे वरचे पट्टे बहुधा मुके असत. आकाश मुके असताना टेबलावरचे आकाश बोलत होते!

१९९०च्या दशकात डॉस प्रणालीवर चालणाऱ्या दोन आज्ञावल्या आल्या. जपानी हॅमने केलेल्या 'पेड'मध्ये निरनिराळ्या स्वरांची अनेक केंद्रे एकदम हाका मारीत. जर्मनीतली 'रुफ्झ' वेगळ्या वाटेने गेली. ती एकेक करून पन्नास केंद्रनामे ऐकवी. बरोबर टिपले की वेग वाढे, चुकले की कमी होई. प्रत्येक शिकणारा अशा रीतीने आपल्याच क्षमतेच्या काठावर राही. २००० नंतर कॅनडातील एका हॅमने 'मोर्स रनर' ही आज्ञावली विनामूल्य दिली. तिच्यात स्थिरवीज, मावळणारे संदेश, शेजारच्या केंद्राचा अडथळा, इतकेच नव्हे तर चुका करणारे बेशिस्त प्रसारकही हवे तेव्हा सुरू करता येतात. नाव अर्धेच कळले तरी बिघडत नाही. कळलेली अक्षरे पाठवली की तेच केंद्र बहुधा पूर्ण नाव पुन्हा सांगते. मात्र फार ताटकळत ठेवले, तर ते कंटाळून निघून जाते.

गलक्यातून एकच आवाज वेगळा कसा काढता येतो? १९५३ साली कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने याच प्रश्नावर प्रयोग केले. आवाजाची दिशा, त्याची पट्टी आणि पुढे काय येणार याचा अंदाज यांच्या आधारे आपण एका बोलणाऱ्याकडे लक्ष देतो. मोर्स ऐकणाऱ्याला दिशेचा आधार बहुधा नसतो. उरतात पट्टी, वेग आणि अंदाज. त्याच गोष्टी या आज्ञावल्या घोटून घेत.

पुढे मोर्सची गरजच ओसरली. १ फेब्रुवारी १९९९ पासून सागरी संकटसंदेशांसाठी नवी उपग्रह व रेडिओ यंत्रणा पूर्णपणे लागू झाली. लघुलहरींवर प्रसारण करू इच्छिणाऱ्या हॅमला मोर्स आलेच पाहिजे, ही आंतरराष्ट्रीय अट २००३ साली जिनिव्हाच्या परिषदेने काढून टाकली आणि निर्णय त्या त्या देशावर सोपवला. अमेरिकेने २००७ मध्ये ही परीक्षा बंद केली. परीक्षा गेली की विद्या जाणार, असे अनेकांना वाटले. पण मोर्स स्पर्धांत आजही हजारो केंद्रे उतरतात, आणि रुफ्झ व मोर्स रनर यांच्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाल्या. डॉसचे जुने खेळ नव्या संगणकावर चालवणारे हौशीही आहेत.

परीक्षेशिवाय ही विद्या का टिकली? आमच्या मते तीन कारणे आहेत. चूक स्वस्त होती: चुकले तर एक केंद्र गेले, दुसरे येई. पुन्हा विचारणे हा दोष नव्हता, तो कौशल्याचाच भाग होता. आणि सराव खऱ्या जगाइतकाच गोंगाटाचा होता. आपण मात्र मुलांना स्वच्छ उदाहरणे देतो, अर्धवट उत्तराला शून्य गुण देतो, आणि बाहेरच्या गोंगाटात ती गोंधळली की नवल करतो.

एक प्रयोग वर्गात करून पाहा. तीन मुलांना स्टीलचा पेला, लाकडी पट्टी आणि बाकाची फळी द्या. तिघांनी मोर्समधील एकेक अक्षर एकाच वेळी वाजवावे. छोटा आघात म्हणजे टिंब, आणि आघातानंतर लांब विराम म्हणजे रेघ समजावी. ऐकणाऱ्याने फक्त पेल्याचे अक्षर टिपावे, जेवढे कळेल तेवढे लिहावे आणि उरलेले पुन्हा विचारावे. पहिल्या फेरीत बहुतेक सगळे चुकतील. पाचव्या फेरीनंतर वर्गात काय बदलले, याची नोंद ठेवा.