ताटापासून पेल्याकडे : प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटले की सुटे भाग, पाळ्यांच्या बस आणि रात्रभर न मिटणारे शेडचे दिवे आठवतात. चांगले जेवण आणि वाइन हा विषय या गावांच्या नावाशी जोडलेला पाहून काहींच्या भुवया उंचावतील. वाचकांनी तो संशय जरूर बाळगावा, फक्त चार पाने वाचेपर्यंत निकाल राखून ठेवावा, एवढीच विनंती आहे. या पट्ट्याला स्वतःची अशी चव आहे आणि ती नीट समजून घेतली, तर वाइनसारखा परका वाटणारा विषयही इथल्याच ताटातून समजू लागतो, असे माझे म्हणणे आहे.

ही चव एका घराण्याची नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी पिंपरी कॅम्प वसवला आणि दाल पकवान, कोकी, साई भाजी इथल्या बाजारपेठेत आणली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, टेल्को आणि बजाजभोवती राज्याराज्यांतील माणसे जमली. कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन आवश्यक मानले. मराठवाड्याचा फिटर आणि केरळचा वेल्डर एकाच बाकावर बसून एकमेकांच्या डब्यात डोकावले ते तिथेच. २००९ मध्ये चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे कारखाने सुरू झाले, तेव्हा परदेशी अभियंतेही या पंगतीत येऊन बसले. आपल्याकडे खाद्यसंस्कृतीवर लिहिताना पेशव्यांच्या पंगती आठवतात, कॅन्टीनचे ताट कुणी नोंदवत नाही. माझ्या मते ही मोठी चूक आहे.

शेत मात्र दूर गेलेले नाही. चाकणचा कांद्याचा बाजार कारखान्यांच्या आधीपासून नावाजलेला. मावळात पिकणारा इंद्रायणी तांदूळ वडगावच्या संशोधन केंद्राचा. त्याचा मऊ, किंचित चिकट, सुवासिक भात रश्शासाठीच जन्मला आहे, असे म्हणायला हरकत नाही. आणि उत्तरेला जुन्नर-नारायणगावची मासवडी. बेसनाची उकड ओल्या कापडावर थापायची, त्यावर तीळ, सुके खोबरे, लसूण, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे, माशाच्या आकाराची वळी करून वड्या पाडायच्या. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. नाव मासळीचे आणि पदार्थ निखळ शाकाहारी. या पट्ट्यात त्याला विशेष अर्थ आहे, कारण इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि अनेक घरांत गुरुवार वाराचा. मांसाहार आणि पेला बुधवारी रात्रीच उरकून गुरुवारी मासवडीचा घाट घालणारी घरे इथे कमी नाहीत.

चाकणहून उत्तरेला जाणाऱ्या नाशिक रस्त्यावर, राजगुरुनगर आणि मंचर ओलांडल्यावर, भारतीय वाइनच्या आधुनिक इतिहासाचे एक महत्त्वाचे पान उलगडते. श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्रसाहाय्याने बुडबुड्यांची वाइन तयार केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी बाजारात गेली. त्यांची कंपनी पुढे कर्जाखाली मिटली. पण या मातीतल्या द्राक्षाची वाइन जगापुढे ठेवता येते, हे तोवर सिद्ध झाले होते. पुण्याजवळच्या मांजरीला १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आले, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, आणि नाशिकबरोबर अकलूज, दौंडकडेही वाइनच्या बागा दिसू लागल्या. इथल्या बागाइतदाराचे कसब वेगळेच आहे. युरोपात वेल थंडीत झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना फळ छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी, असे वर्ष बांधावे लागते.

आता जेवायला बसू. नवख्या वाचकाने द्राक्षांच्या जातींची नावे पाठ करण्याच्या फंदात पडू नये. आधी आपल्या ताटात काय आहे ते पाहावे. तिखट किती, तेल किती, आंबट कुठून आले? लाल वाइनमध्ये जांभळासारखा तुरटपणा असतो. तो आणि मद्यार्क, दोन्ही मिरचीची आग वाढवतात. त्यामुळे काळ्या मसाल्याच्या रश्शाबरोबर महागडी कॅबरने घेतली, तर पैसे आणि जीभ दोन्ही पोळतात. तिथे थंडगार, किंचित गोडसर शनँ ब्लाँ घ्या. मासवडीतल्या तिळा-खोबऱ्याशी कोरडी रोझे छान जमते. चुक्याने आंबटलेल्या साई भाजीला सोव्हिन्यॉं ब्लाँचा आंबटपणा सोबत करतो, आणि पकवानासारख्या तळणाला बुडबुड्यांची वाइन. शिराझ हवीच असेल, तर मटण कमी तिखट, सुके करा. ठेच्यापुढे मात्र कुठल्याच वाइनचे चालत नाही. तिथे ताकच प्यावे.

पुस्तकांत लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असे लिहिलेले असते. ती खोली थंड देशातली, १६-१८ अंशांची. चिंचवडच्या मे महिन्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. उघडलेली बाटली बूच लावून तिथेच ठेवली, तर तीन-चार दिवस टिकते. हॉटेलात गेलात तर वाढप्याला बाटली कधी उघडली हे विचारायला संकोचू नका. परमिट रूम आणि फॅमिली सेक्शन यांच्यामध्ये आपण जी भिंत घातली, तिने वाइनला बराच काळ जेवणापासून तोडले. पेला एकीकडे आणि ताट दुसरीकडे, ही सोय बाईमाणसांच्या नावाने झाली. स्वादाच्या बाजूने ती गैरसोयच ठरली.

देहू आणि आळंदी या पट्ट्याला खेटून आहेत. माळकरी घरात वाइन येणार नाही, आणि येऊ नये असे वाटणाऱ्यांचा मान मला राखायचा आहे. सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने २०२२ मध्ये घेतला, तेव्हा झालेला विरोधही समजण्यासारखा होता. वाइन हे मद्यच आहे; तिला फळांचा रस म्हणून खपवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. न पिणाऱ्या वाचकांसाठी या पुस्तकात ताट आहेच, आणि तेच मोठे आहे. पिणाऱ्यांनी परवाना आणि वयाचा नियम पाळावा, गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी, आणि वाइनचे प्रकरण उघडण्याआधी रश्शाचे प्रकरण वाचून घ्यावे.