केसपेपरवरचा शिंपी

सरकारी दवाखान्यात गेलं की खिडकीवर आधी केसपेपर काढावा लागतो. नाव, वय, गाव, धंदा. आजार सरला की तो कागद रद्दीत जातो. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरी मात्र असे जुने कागद तिथल्या विद्यापीठाने जपून ठेवले आहेत. ते आहेत ‘ज्यूइश कन्झम्प्टिव्हज रिलीफ सोसायटी’ या ज्यू लोकांच्या धर्मादाय क्षयरुग्णालयाचे.

डेन्व्हर सुमारे सोळाशे मीटर उंचीवर आहे. क्षयाला औषध नव्हतं, तेव्हा कोरडी हवा, ऊन, विश्रांती आणि दूध-अंडी हाच उपचार. आपल्याकडे त्याच आशेने लोक पाचगणीला जात. डेन्व्हरच्या ज्यू समाजाने १८९९ सालीच एक मोफत इस्पितळ उघडलं होतं. पण तिथे घेत ते मुख्यतः आजार नुकता जडलेल्यांना. खाटा थोड्या, तेव्हा बरा होऊ शकेल त्यालाच द्याव्यात, हा हिशेब अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. पण मग थुंकीतून रक्त पडणाऱ्याने जायचं कुठे?

म्हणून १९०४ साली गरीब स्थलांतरित ज्यूंनी वर्गणी काढून दुसरी संस्था उभारली. तिचे चिटणीस डॉ. चार्ल्स स्पिवाक. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली ज्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तिथूनच हेही चार वर्षांनी डॉक्टर झाले. आनंदीबाईंना १८८७ साली क्षयानेच नेलं. स्पिवाकांच्या संस्थेने आजार किती पुढे गेलाय ते न पाहता रुग्ण घेतले, तेही फुकट. सुरुवातीला तंबूंत. स्वयंपाक ज्यू धर्मनियमांप्रमाणे, बोली यिद्दिश. दार मात्र परधर्मीयांनाही उघडं. मरणाच्या दारातले रुग्ण घेतले की मृत्यूंचा आकडा वाढणारच. तो त्यांनी वाढू दिला. मला ही गोष्ट इमारतींपेक्षा मोठी वाटते.

१९५४ पर्यंत सुमारे दहा हजार रुग्ण इथे येऊन गेले. नोंदींत जन्मगाव, धंदा, लग्न झालंय की नाही, अमेरिकेत येऊन किती वर्षं झाली, हे सारं आहे. धंद्याच्या रकान्यात शिंपी पुन्हा पुन्हा भेटतो. न्यूयॉर्कच्या कोंदट खोल्यांत दिवसभर कपडे शिवणारा. आपण यवतमाळकर कापूस पिकवणारे. त्याचा सदरा होईपर्यंत कोणाची छाती झिजते, ते या रकान्यात दिसतं.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं, खाटा रिकाम्या होऊ लागल्या आणि संस्था कर्करोगाच्या कामाकडे वळली. कागद तेवढे राहिले. क्षयाचं नाव घरात उघड घ्यायचं नाही, ही रीत तिकडेही होती. त्यामुळे आजोबांच्या आयुष्यातली न सांगितलेली वर्षं शोधायला नातवंडं याच नोंदींकडे येतात.